जुन्या सर्व्हरची डिस्क स्लो झालीये? एसएसडी आणायच्या आधी हे क्रमाने करा

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे, या ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात फिरताना मला दर महिन्याला एक तरी ऑफिस असं भेटतं जिथे जुना सर्व्हर स्लो झाला म्हणून कोणीतरी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर चालणारी डिस्क) आणून बसवलेली असते आणि तरी सर्व्हर तसाच रडतोय. पैसे गेले, रविवार गेला, आणि वर मालक विचारतो आता काय. चूक नुसती एसएसडीची नसते, क्रमाची असते. आधी काय बघायचं आणि नंतर काय बदलायचं हे उलटं झालं की नवीन डिस्कसुद्धा जुन्यासारखीच चालते.

म्हणून इथे मी जसं करते तसं सगळं क्रमाने लिहिलंय. उदाहरणं लिनक्सची जास्त आहेत, विंडोज सर्व्हरचं जिथे वेगळं आहे तिथे सांगितलंय. कमांड बोलताना म्हणतो तशाच लिहिल्यात. टप्पे गाळू नका, विशेषतः पहिला.

टप्पा १: बॅकअप, आणि तो उघडून बघणं

बॅकअप आहे का विचारलं की सगळे हो म्हणतात. रिस्टोअर करून कधी बघितलं विचारलं की शांतता. डिस्कला हात लावायच्या आधी बॅकअपमधला एक फोल्डर आणि डेटाबेसची एक पूर्ण कॉपी दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करा, ती उघडा, कालची एंट्री त्यात दिसते का बघा. बॅकअप त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या पार्टिशनवर असेल तर तो बॅकअप धरू नका, ॲरे (एकत्र जोडलेल्या डिस्कचा गट) गेला की दोन्ही गेले.

मग मोबाईल काढा आणि फोटो घ्या: रेड कंट्रोलरच्या (ॲरे चालवणाऱ्या कार्डाच्या) सेटिंगचा प्रत्येक स्क्रीन, समोरून डिस्कच्या ट्रे, मागून केबल. प्रत्येक डिस्कचा सिरीयल नंबर आणि ती कुठल्या बेमध्ये (खणात) आहे हे कागदावर लिहा. बे नंबर बऱ्याच सर्व्हरमध्ये शून्यापासून सुरू होतात, म्हणजे तिथे आपण तोंडाने "तिसरी डिस्क" म्हणतो ती कंट्रोलरच्या भाषेत बे २ असते. रबाळ्याच्या एका ऑफिसात मी स्वतः ही गफलत केलीये. तिथल्या रेड ५ मधली (हा प्रकार एकच डिस्क गेली तर तग धरतो) एक डिस्क मेलेली होती, मी चांगली ओढली आणि आख्खा ॲरे खाली बसला. बॅकअपवरून परत उभं करायला रात्र गेली, सकाळची पहिली लोकल धरून घरी आले. तेव्हापासून डिस्क ओढायच्या आधी कंट्रोलरमधून त्या डिस्कचा दिवा ब्लिंक करून घेते आणि जो ब्लिंक होतोय त्यालाच हात लावते.

*तपासा:* रिस्टोअर प्रत्यक्ष झाला का? सिरीयल नंबरचा कागद हातात आहे का? नसेल तर इथेच थांबा.

टप्पा २: गर्दीच्या वेळी मोजणं

रात्री दहाला सर्व्हर रिकामा असताना मोजून काही कळत नाही. ज्या वेळी लोक ओरडतात त्या वेळी मोजा, म्हणजे सकाळी लॉगिनची गर्दी, संध्याकाळी बिलिंग, महिनाअखेर.

लिनक्सवर आयओस्टॅट डॅश एक्स, पुढे ५, असं चालवा म्हणजे दर पाच सेकंदाला आकडे येतील. पहिला रिपोर्ट सोडून द्या, तो सर्व्हर चालू झाल्यापासूनची सरासरी असते आणि अनेकजण नेमका तोच स्क्रीनशॉट पाठवतात. बघायचे तीन कॉलम: रीड अवेट, राइट अवेट आणि क्यूची (थांबलेल्या कामांच्या रांगेची) लांबी. अवेट म्हणजे एका कामाला लागलेला वेळ, तो मिलिसेकंदात असतो. फिरत्या डिस्कवर १० ते २० पर्यंत असेल तर ठीक, सतत ५० च्या वर राहत असेल तर दुखणं खरं आहे. युटिल (डिस्क किती वेळ कामात होती) १०० टक्के दिसलं की घाबरू नका, एका साध्या डिस्कसाठी त्याला अर्थ आहे पण रेड ॲरे किंवा एसएसडी एका वेळी अनेक कामं करतात म्हणून तिथे १०० दिसूनही जागा शिल्लक असू शकते.

विंडोजवर परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये डिस्क सेकंद पर रीड आणि डिस्क सेकंद पर राइट हे काउंटर लावा. हे सेकंदात असतात, म्हणजे ०.०२० म्हणजे २० मिलिसेकंद. आकडा छोटा दिसतो म्हणून सगळं बरं चाललंय असं समजू नका.

आता थोडं गणित, कारण याशिवाय पुढचं काही पटणार नाही. ७२०० आरपीएमची डिस्क एक फेरा ८.३ मिलिसेकंदात मारते, म्हणजे डेटा हेडखाली यायला सरासरी चार मिलिसेकंद, वर हेड सरकायचा वेळ. त्यामुळे इकडेतिकडे विखुरलेला डेटा वाचायचा असेल तर ती सेकंदाला साधारण ७५ ते १०० च कामं करते, कितीही चांगल्या कंपनीची घ्या. अशा चार डिस्क रेड ५ मध्ये असतील तर वाचायला साधारण ३०० मिळतात, पण छोटं काही लिहायचं म्हटलं की जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत काढायचा हिशोब) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशी एका लिहिण्याची चार कामं होतात. म्हणजे राहिले ७५. वीस माणसं एकदम सेव्ह दाबतात तेव्हा त्या ७५ मध्येच सगळ्यांनी भागवायचं. रेड १० मध्ये (तिथे डेटाच्या दोन प्रती असतात) हेच लिहिणं दोन कामांत होतं म्हणून १५० मिळतात, रेड ६ मध्ये (तिथे पॅरिटी दोन) सहा कामं लागतात.

*चूक:* डीडी कमांडने मोठी फाइल लिहून "४०० एमबी येतोय, डिस्क फास्ट आहे" म्हणणं. तो स्पीड सलग लिहिण्याचा असतो, बऱ्याचदा रॅममधल्या कॅशचा (तात्पुरत्या साठ्याचा) असतो. टॅली, बिलिंग, एचआर सॉफ्टवेअर सलग लिहीत नाहीत. टेस्ट करायचीच असेल तर एफआयओ हे डिस्क टेस्टचं टूल वापरा, ८ केबीचे रँडम ब्लॉक, सत्तर टक्के वाचणं तीस टक्के लिहिणं, डायरेक्ट मोड (रॅमची कॅश टाळणारा) चालू, आणि टेस्ट फाइल कंट्रोलरच्या कॅशपेक्षा बरीच मोठी.

*सावधान:* एफआयओला फाइलचं नाव द्या, डिस्कचं नाव कधीही देऊ नका. राइट टेस्टला डिव्हाइस दिलंत तर ते डेटावरूनच लिहीत जातं, विचारत नाही.

आलेले आकडे तारीख-वेळेसकट वहीत उतरवा. शेवटी लागणार आहेत.

टप्पा ३: डिस्कवर खापर फोडायच्या आधी रॅम

व्हीएमस्टॅट चालवून एसआय आणि एसओ (स्वॅप इन, स्वॅप आउट) हे दोन कॉलम बघा. तिथे सतत शून्याच्या वर आकडे हलत असतील तर सर्व्हरला रॅम पुरत नाहीये आणि तो डिस्कलाच रॅम म्हणून वापरतोय. अशा सर्व्हरला डिस्क बदलून थोडाच फरक पडतो.

दुसरी गोष्ट मला इतक्या ठिकाणी सापडलीये की वेगळी सांगते. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये इनोडीबी बफर पूल साइज नावाचं सेटिंग असतं, ते कोणी बदललं नाही तर १२८ एमबी असतं. सर्व्हरमध्ये ३२ जीबी रॅम आणि डेटाबेस फक्त १२८ एमबी वापरतोय, बाकी सगळं पुन्हापुन्हा डिस्कवरून वाचतोय. सर्व्हर फक्त डेटाबेससाठी असेल तर रॅमच्या ५० ते ७० टक्के द्या, बाकीही कामं असतील तर कमी. एका ओळीचा बदल आहे आणि वाचण्याचं ओझं एकदम उतरतं.

रॅम वाढवताना जुनी डीडीआर ३ सेकंडहँड मिळते, पण रजिस्टर्ड आणि अनबफर्ड या दोन प्रकारच्या स्टिक एकत्र चालत नाहीत. आतली एक स्टिक बाहेर काढून लेबल वाचा, मग खरेदीला जा.

टप्पा ४: डिस्कची तब्येत आणि तापमान

स्मार्टसीटीएल (डिस्कच्या तब्येतीचे आकडे देणारी कमांड) चालवा. डिस्क डेलच्या पर्क कंट्रोलरमागे असेल तर डॅश डी मेगारेड आणि डिस्कचा नंबर, एचपीच्या स्मार्ट ॲरेमागे असेल तर सीसीआयएसएस आणि नंबर, असं सांगावं लागतं, नाहीतर कंट्रोलरचीच माहिती येते आणि माणूस समजतो डिस्क ठीक आहे.

साटा डिस्कवर चार ओळी बघा. ५ नंबर म्हणजे बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचता न आलेले आणि निकाल बाकी असलेले, १९८ म्हणजे दुरुस्त न होणारे, आणि १९९ म्हणजे सीआरसी एरर, डेटा केबलमधून जाताना झालेल्या चुका. १९७ शून्याच्या वर असेल तर ती डिस्क एकेक सेक्टर वाचायला वारंवार प्रयत्न करत बसते आणि ॲरेमधल्या बाकीच्या चांगल्या डिस्क तिच्यासाठी थांबतात. एक आजारी डिस्क आख्खा सर्व्हर स्लो करते ती अशी. १९९ वाढत असेल तर मात्र डिस्क बदलू नका, केबल किंवा बॅकप्लेनचा (डिस्क ज्यात घुसतात त्या बोर्डचा) कनेक्टर बघा. आपल्याकडे खाडीकाठच्या दमट हवेत कनेक्टरवर थर बसतो, काढून साफ करून परत घट्ट बसवला की पुष्कळदा तो आकडा वाढायचा थांबतो. तो खाली येत नाही, वाढायचा थांबतो. सास डिस्कवर (सर्व्हरच्या डिस्कचा दुसरा प्रकार) हे नंबर नसतात, तिथे ग्रोन डिफेक्ट लिस्ट (नंतर खराब झालेल्या जागांची यादी) वाढतेय का ते बघायचं.

तापमान ४५ अंशांच्या आत ठेवा. वाशीच्या एपीएमसीत मसाला मार्केटमधल्या एका गाळ्यावर सर्व्हर बघायला गेले होते, पुढची जाळी काढली तर आत मिरचीपुडीचा लालसर थर, पंख्याच्या पात्यांवर फेल्ट चिकटवल्यासारखा. डिस्क हाताला चटका देत होत्या आणि खोकल्याने मला पाच मिनिटं बोलता येईना. तिथे खर्च फक्त ब्लोअर आणि फिल्टरच्या जाळीचा झाला. साफ करताना सर्व्हर बंद करून गाळ्याबाहेर न्या, पंख्याचं पातं बोटाने धरून मग हवा मारा, नाहीतर पंखा उलटासुलटा गरगरतो आणि बेअरिंग जातं. रिकाम्या बेमधले प्लॅस्टिकचे ब्लँक कोणी काढून टाकले असतील तर परत लावा, ते नसले की हवा डिस्कवरून न जाता मोकळ्या भोकातून जाते.

*तपासा:* आजारी डिस्क आहे का? असेल तर बाकी सगळं सोडून ती बदला, रीबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा परत भरणं) पूर्ण होऊ द्या. २ टीबीची डिस्क ५० एमबीच्या स्पीडने रीबिल्ड व्हायला ११ तास लागतात, तेवढा वेळ सर्व्हर स्लोच असणार, म्हणून शनिवारी संध्याकाळी लावा. आणि बदली डिस्क घेताना एसएमआर प्रकारची (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) घेऊ नका, तिचं रीबिल्ड फार रखडतं. साध्या डेस्कटॉपची डिस्कही नको, खराब सेक्टरवर ती इतका वेळ घेते की कंट्रोलर तिला मेलेली समजून बाहेर काढतो.

टप्पा ५: कंट्रोलर आणि त्याची बॅटरी

सगळ्यात जास्त फरक मला इथे दिसलाय आणि सगळ्यात कमी लोक इथे बघतात.

रेड कंट्रोलरवर थोडी रॅम असते. राइट-बॅक मोडमध्ये डेटा त्या रॅममध्ये आला की कंट्रोलर लगेच "लिहिलं" असं सांगतो आणि नंतर सवडीने डिस्कवर उतरवतो. राइट-थ्रू मोडमध्ये डिस्कवर खरंच लिहून होईपर्यंत प्रोग्रॅमला थांबवून ठेवतो. लाईट गेली तर त्या रॅममधला डेटा टिकावा म्हणून बॅटरी असते. ती मेली की कंट्रोलर आपणहून राइट-थ्रूवर जातो, स्क्रीनवर कोणी सांगत नाही, फक्त लॉगमध्ये एक ओळ पडते.

वागळे इस्टेटमधल्या एका पॅकेजिंग युनिटमधून फोन आला होता, अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, "ताई, सेव्ह दाबलं की ते गोल फिरतच बसतं, मी तोवर दुसरं व्हाउचर हाताने लिहून काढते." त्यांनी नव्या सर्व्हरचं कोटेशनही मागवलं होतं. कव्हर उघडलं तर बॅटरी पोळीसारखी फुगलेली. बॅटरी बदलली, चार्ज होईपर्यंत काही तास तसेच स्लो गेले, मग राइट-बॅक परत आलं आणि त्याच डिस्कवर त्याच मॅडमचं व्हाउचर दाबल्या दाबल्या सेव्ह व्हायला लागलं.

क्रम असा:

१. कंट्रोलरच्या टूलमध्ये जाऊन सध्याची राइट पॉलिसी आणि बॅटरीची स्थिती बघा. ठरवलेली पॉलिसी आणि आत्ता चालू असलेली पॉलिसी वेगळ्या दाखवतात, चालू असलेली महत्त्वाची.
२. बॅटरी खराब असेल तर सर्व्हर नीट शटडाउन करून, पॉवरच्या दोन्ही केबल काढून बदला. सेकंडहँड बॅटरी घेऊ नका, ती तुमच्या बॅटरीच्याच वयाची असते. नवीन म्हणून देत असतील तरी तयार झाल्याची तारीख बघा.
३. चार्ज पूर्ण झाल्यावर पॉलिसी परत तपासा.
४. बॅटरीची लर्न सायकल (उतरवून परत चार्ज करून तिची तपासणी) कधी आहे बघा. त्या काळात काही कंट्रोलर राइट-थ्रूवर जातात. महिनाअखेरीला ती येत असेल तर तारीख पुढे ढकला.

*सावधान:* बॅटरी नसताना जबरदस्तीने राइट-बॅक चालू करायचं सेटिंग असतं, ते करू नका. फाइल सिस्टीमचे बॅरियर (डेटा ठरलेल्या क्रमाने डिस्कवर पोचल्याची खात्री करणारे) बंद करण्याचा सल्लाही ऐकू नका. यूपीएस आहे ना, असं लोक म्हणतात, पण यूपीएस सर्व्हरच्या आतलं पॉवर सप्लाय जळण्यापासून वाचवत नाही आणि पहिल्या पावसात एमआयडीसीत लाईट कशी नाचते ते आपण दरवर्षी बघतो.

तुमच्या कंट्रोलरवर कॅशच नसेल, पर्क एच ३१० सारखा, तर वरचं काही लागू नाही. तेव्हा त्याच सर्व्हरला चालणारा कॅशवाला कंट्रोलर सेकंडहँड बघा. पर्क ६ आय अजून वापरत असाल तर त्याला २ टीबीपेक्षा मोठी डिस्क पूर्ण दिसत नाही आणि एका डिस्कची लाइन ३ गिगाबिटचीच आहे, हे पुढच्या खरेदीआधी लक्षात ठेवा.

टप्पा ६: एकाच वेळी होणारी कामं वेगळी करणं

बॅकअप, अँटीव्हायरसचा फुल स्कॅन, कंट्रोलरचा पेट्रोल रीड (डिस्क आपणहून वाचून तपासणं), डेटाबेसचे रिपोर्ट, हे सगळं कोणी ना कोणी वेगवेगळ्या वर्षी लावलेलं असतं आणि एकमेकांवर येतं. सगळ्यांच्या वेळा एका कागदावर मांडा. डेबियन किंवा उबुंटूवर सॉफ्टवेअर रेड असेल तर महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर ॲरेची तपासणी आपणहून सुरू होते आणि मोठ्या डिस्कवर दुपारपर्यंत चालू शकते. रविवारची शिफ्ट असलेल्यांना हे कोडं पडलेलं असतं. ती तपासणी बंद करू नका, वेळ बदला.

अँटीव्हायरसमध्ये डेटाबेसच्या फाइल वगळा. व्हर्च्युअल मशीन असतील तर विसरलेले स्नॅपशॉट (त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) शोधा, सहा महिन्यांपूर्वी अपडेटच्या आधी घेतलेला एखादा हमखास सापडतो. त्याचा डेटा मूळ डिस्कमध्ये मिसळायला वेळ लागतो, दिवसा सुरू करू नका.

टप्पा ७: फाइल सिस्टीम, थोडक्यात

डिस्क ८५ टक्क्यांच्या वर भरली असेल तर आधी जागा करा. फाइल तुकड्यातुकड्यात पडायला लागतात आणि फिरत्या डिस्कला त्याचा फार त्रास होतो.

एफएसटॅबमध्ये (लिनक्सच्या माउंट सेटिंगच्या फाइलमध्ये) नोएटाइम लावा, म्हणजे फाइल नुसती वाचली तर तिची वेळ लिहिली जात नाही. फायदा थोडाच मिळतो, हल्ली रिलॅटाइम (ती वेळ क्वचितच लिहिणारं सेटिंग) आपोआप असतंच, पण लाखो छोट्या फाइल असतील तर लावायचंच.

जुन्या लिनक्स कर्नलवर शेड्युलर (डिस्कच्या कामांचा क्रम लावणारा) सीएफक्यू असेल तर रेड ॲरेसाठी डेडलाइन करा. नव्या कर्नलवर एमक्यू-डेडलाइन, एसएसडीला नन (म्हणजे शेड्युलरच नाही). आधी चालू सिस्टीममध्ये बदलून गर्दीच्या वेळी बघा, फरक पडला तरच कायमचा करा.

पार्टिशन कुठल्या सेक्टरपासून सुरू होतं बघा. २०४८ असेल तर बरोबर, ६३ असेल तर गडबड. विंडोज २००३ च्या काळातल्या डिस्कवरून क्लोन करत करत पुढे आलेल्या सर्व्हरमध्ये हे ६३ अजून सापडतं. ४ केबी सेक्टरच्या डिस्कवर आणि एसएसडीवर त्यामुळे एकेका लिहिण्याला दोन जागी हात घालावा लागतो. चालू पार्टिशन सरकवत बसू नका, नवीन डिस्कवर जाल तेव्हा पार्टिशन नव्याने करून डेटा कॉपी करा.

*चूक:* सगळे बदल एका दमात करणं. एक बदल, एक दिवस, एक मोजणी. नाहीतर कशाने बरं झालं कळत नाही, आणि बिघडलं तर कशाने बिघडलं तेही नाही.

टप्पा ८: आता एसएसडी

इथपर्यंत येऊन आकडे अजून वाईट असतील तर एसएसडी घ्या. साधी साटा एसएसडीसुद्धा सेकंदाला हजारोंनी रँडम कामं करते, ७५ च्या हिशोबात ही उडी मोठी आहे. ३ गिगाबिटच्या जुन्या लाइनवर सलग स्पीड २७० एमबीच्या आसपास अडेल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, ऑफिसच्या कामाला रँडमच लागतं.

सर्व्हरसाठी पॉवर लॉस प्रोटेक्शन असलेलीच घ्या. आत छोटे कपॅसिटर असतात, लाईट गेली तरी हातातलं लिहून पूर्ण करतात. लॅपटॉपच्या एसएसडीत ते नसतात, त्यामुळे डेटाबेस प्रत्येक एंट्रीला "नक्की लिहिलं ना" विचारतो तेव्हा ती अडखळते, आणि वर बरेच रेड कंट्रोलर डिस्कची स्वतःची कॅश बंद ठेवतात म्हणून आणखीच मंदावते. सुरुवातीला ज्या लोकांबद्दल सांगितलं त्यांच्यापैकी बहुतेकांचं हेच झालेलं असतं.

टिकाऊपणा डीडब्ल्यूपीडीमध्ये (रोज आख्खी डिस्क किती वेळा लिहिता येईल) लिहिलेला असतो. ४८० जीबीच्या डिस्कला १ लिहिलंय म्हणजे वॉरंटीभर रोज ४८० जीबी लिहिलं तरी चालेल. तुम्ही रोज किती लिहिता ते टप्पा २ मधल्या आयओस्टॅटच्या, सेकंदाला किती केबी लिहिलं या कॉलमवरून काढा, बहुतेक ऑफिसांना १ पुरून उरतं.

बसवताना:

१. दोन घ्या, रेड १ करा (दोन्हीवर तोच डेटा). एकच एसएसडी लावून बाकी देवावर सोडू नका.
२. अडीच इंची एसएसडी साडेतीन इंची ट्रेमध्ये लावायला योग्य ॲडॅप्टर घ्या. कनेक्टर एका बाजूला असतो, टेपने चिकटवलेली डिस्क बॅकप्लेनला लागत नाही.
३. एसएसडी आणि फिरत्या डिस्क एकाच ॲरेमध्ये मिसळू नका.
४. सगळी एसएसडी पार्टिशनमध्ये वापरू नका, १० ते २० टक्के मोकळी सोडा. बरेच जुने कंट्रोलर ट्रिम (कुठली जागा मोकळी झाली हे एसएसडीला सांगणारी सूचना) पुढे पाठवत नाहीत, तेव्हा या मोकळ्या जागेवर डिस्कचा स्पीड टिकतो. डिस्क आधी वापरलेली असेल तर हे करायच्या आधी सिक्युअर इरेज (डिस्क आतून पूर्ण पुसणं) करा. ट्रिम पोचत असेल तर एफएसट्रिमचा आठवड्याचा टायमर चालू आहे का बघा.
५. आधी डेटाबेसची फाइल आणि लॉग हलवा. स्कॅन केलेली बिलं, सीसीटीव्ही, जुन्या वर्षांचा डेटा फिरत्या डिस्कवरच राहू दे.
६. हलवताना सर्व्हिस बंद, कॉपी, परवानग्या तपासणं, मग पाथ बदलणं. जुनी कॉपी एक महिना पुसू नका.

बजेटच नसेल तर रेड ५ मोडून रेड १० हा पर्याय उरतो. १ टीबीच्या चार डिस्कवर ३ टीबीच्या जागी २ टीबी मिळतील आणि लिहिण्याचा वेग दुप्पट. पण त्यासाठी ॲरे पुसून नव्याने करावा लागतो, म्हणजे टप्पा १ मधला रिस्टोअर पुन्हा एकदा, आणि यावेळी खराखुरा.

टप्पा ९: परत मोजणी

त्याच वारी, त्याच गर्दीच्या वेळी, त्याच कमांडने आकडे घ्या आणि वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी लिहा. नंतर कॅबिनेटच्या दाराला आतून एक कागद चिकटवा: बे नंबर आणि सिरीयल नंबर, बॅटरी बदलल्याची तारीख, चालू राइट पॉलिसी, १९७ आणि १९९ चे आजचे आकडे. दर महिन्याला त्याच कागदावर नवीन ओळ. पावसाळ्याआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, बॅटरी आणि कनेक्टर एकदा उघडून बघा.